पुण्याला पाठवलेल्या दोन ओळी

पुण्याहून फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात चमचाभर खिचडी तोंडात घालून उभी होते. पोरांना वाढायच्या आधी बाईंनी चव घ्यायची आणि रजिस्टरात सही करायची, असा नियम आहे. अनोळखी नंबर मी सहसा उचलत नाही, विमा विकणारे असतात. त्या दिवशी उचलला. पलीकडचा आवाज मऊ, सावकाश. त्यांनी दिवाळी अंकाचं नाव सांगितलं आणि मी खिचडी न चावताच गिळली.

सतरा वर्षं मी त्या अंकाला कथा पाठवत होते. आधी पोस्टाने, मग मेलवर. जूनमध्ये पाठवायची, दिवाळीला परभणीच्या स्टँडवरच्या स्टॉलवर उभं राहून अनुक्रमणिका बघायची, आपलं नाव नाही म्हणून मनातल्या मनात चार शिव्या द्यायच्या आणि तरी अंक विकत घ्यायचा. नकार कधीच आला नाही. नकार द्यायचा तर आधी कुणीतरी वाचावं लागतं. घरी मी म्हणायचे, "मरू द्या, आता नाही जात मी नाक घासायला," आणि जून आला की पुन्हा घासायचे.

"कथा फार आवडली," संपादक म्हणाले. "आपण घेतोय. फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे ती दुसरीकडे कुठेही आलेली नसावी. पेपरात नाही, फेसबुकवर नाही, कुठल्या ग्रुपवर नाही."

"नाही आलेली," मी म्हणाले. त्या घडीला ते खरं होतं.

दुसरी गोष्ट काय ते सांगते, पण आधी कथा कुणाची ते सांगायला हवं, नाहीतर माझी काय गोची झाली ते कळायचं नाही.

कथा माझ्या अक्काची. माझ्याहून सात वर्षांनी मोठी बहीण, परभणीजवळच्या झरी गावात दिलेली. बावीस वर्षांपूर्वी मी परभणीत मुलींच्या वसतिगृहात राहून डी.एड. करत होते. एका सोमवारी दुपारी बघते तर अक्का खोलीच्या दारात. हातात कापडी पिशवी, डोळे खोल गेलेले. तिच्या घरी सोळा माणसं. सोळा माणसांच्या भाकरी, धुणं, वर शेतातली वेचणी, आणि धाकटं लेकरू दीड वर्षाचं, रात्रभर किरकिर करणारं. त्यालाही ती घरीच ठेवून आली होती. मी घाबरून विचारलं, "काय झालं ग? मारलं का कुणी?"

"न्हाई ग," ती म्हणाली. "मला झोपायचंय."

आणि ती झोपली. आईशपथ सांगते, तीन दिवस झोपली. माझी पार्टनर गावी गेली होती, म्हणून खोली रिकामी होती. मेसमधून भाकरी ओढणीखाली लपवून आणायचे मी. ती उठून खायची, तोंड धुवायची, पुन्हा आडवी. बाहेरचं माणूस खोलीत ठेवायची सक्त मनाई, म्हणून मी बाहेरून कडी घालून कॉलेजला जायचे. परत आले की आधी तिच्या नाकापुढे हात धरून बघायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने उठून वेणी घातली आणि म्हणाली, "जाते आता. बरं वाटलं बघ."

"घरी काय सांगशील?"

"काय बी सांगंन. तुझं नाव घेणार न्हाई. तू बी घेऊ नको. आबाला कळलं तर उद्याच्या उद्या तुझं बोचकं बांधून नेतील."

आबा म्हणजे आमचे वडील. पोरीला शहरात ठेवायला ते मुळीच तयार नव्हते. अक्काने माहेरी येऊन त्यांच्याशी भांडण मांडलं, दोन दिवस जेवली नाही, तेव्हा कुठे मला वसतिगृहात पाठवलं होतं.

तिने शब्द पाळला. झरीला गेल्यावर नवऱ्याने विचारलं, सासूने विचारलं, भावकीतली माणसं अंगणात बसून विचारत राहिली. ही गप्प. मग गावाने आपली गोष्ट आपण तयार केली. कुणाबरोबर तरी गेली होती, त्याने सोडली, म्हणून परत आली. तेव्हापासून अक्काला पाठीमागे 'तीन दिवसाची' म्हणतात. नळावर भांडण झालं की थोरली जाऊ तोंड वर करून म्हणायची, "आमी काय तीन दिवस गायब झालो न्हवतो बाई!" इकडे माझं डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं. आबाही गेले. मी एकदा झरीला जाऊन चार माणसांत तोंड उघडलं असतं तर विषय मिटला असता. आज सांगू, उद्या सांगू, आणि मग आता कशाला जुनं उकरायचं, असं करत बावीस वर्षं गेली. लिहायला लाज वाटते, पण हे असं आहे.

म्हणून कथा लिहिली. झोपायला म्हणून घर सोडणाऱ्या बाईची. नाव बदललं, गाव बदललं, बाकी जसंच्या तसं.

"तर दुसरी गोष्ट अशी," संपादक म्हणाले, "की ती बाई नुसती झोपायला घर सोडते, हे वाचकाला पटणार नाही हो. काहीतरी कारण हवं. उघड नको, नुसती चाहूल. स्टँडवर कुणीतरी उभा आहे, तिची पिशवी हातात घेतो, असं काहीतरी. दोनच ओळी. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, पानं लावायची आहेत."

"पण सर, ती खरंच झोपायलाच गेलेली असते."

"असेल हो. पण वाचताना खरं वाटायला हवं ना?"

मी "बघते" म्हणाले आणि रजिस्टरात भलत्याच रकान्यात सही करून ठेवली.

आता माझा आगाऊपणा ऐका. सतरा वर्षं थांबले, आणि नेमकं आठ दिवस थांबवलं नाही. पुण्याचं काही खरं नाही असं धरून मी तीच कथा आठ दिवसांपूर्वी परभणीच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीला देऊन बसले होते. पुण्याचा फोन बुधवारी दुपारी आला, आणि त्याच संध्याकाळी पुरवणीवाल्यांचा मेसेज. 'मॅडम, कथा येत्या रविवारी लावतोय. फोटो पाठवा.' घ्या! पाऊस नाही तेव्हा थेंब नाही, आणि आला तर एकदम दोन्हीकडून. फोटो मात्र मी लगेच पाठवला. हावरटपणा म्हणतात तो हाच.

या पुरवणीला आमच्या शिक्षक मंडळीत कुणी फार मान देत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भाजीच्या पाककृती आणि उरलेल्या जागेत साहित्य. पण ती गावोगाव जाते. झरीच्या हॉटेलात एक पेपर आला की दहा माणसं वाचतात आणि वीस ऐकतात. कथेतलं गाव बदललं म्हणून काय झालं, तीन दिवस म्हटल्यावर तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं कुणाचं आहे.

मला पुणंच हवं होतं. हे आधी कबूल करते. पण नुसतं हवं म्हणून घ्यायला मन धजत नव्हतं, म्हणून मी अक्काच्या नावाची पळवाट काढली. पेपर झरीत जातो, अक्काची अब्रू पुन्हा चव्हाट्यावर येईल. पुण्याचा अंक झरीत कोण बघतंय? म्हणजे पुणंच बरं, तिच्याच भल्यासाठी. फक्त तिच्या तोंडून एकदा "नको बाई पेपरात" एवढं यायला हवं होतं. ते ऐकायला मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर स्कूटी काढली आणि झरी गाठली.

अक्का गोठ्याच्या मागे एकटीच मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसून हळू आवाजात फोनवरून पूर्ण कथा वाचून दाखवली. तिचे हात थांबले. मी ओढणीखाली भाकरी आणते तिथे ती पदर तोंडाला लावून हसली, आणि मग तशीच रडायला लागली.

"अगं माय, समदं ध्यानात हाय की तुला!"

मी तिला सांगितलं, एक पुण्याचा मोठा अंक आहे, एक आपल्या इथला पेपर आहे. एकीकडे छापली की दुसरीकडे चालत नाही. त्या दोन ओळींचं मात्र सांगितलं नाही. जीभ रेटली नाही म्हणा, किंवा मुद्दाम म्हणा.

"मंग पेपरात दे," अक्का म्हणाली.

"अगं, पेपर झरीत येतो. लोक ओळखतील."

"ओळखू दे की! मी बावीस वरसं कशाची वाट बघायले मंग? पुण्याच्या माणसाला माझं काय करायचंय? तिथं मला कोण तीन दिवसाची म्हणतंय?" तिचा आवाज चढला, मग तिनेच घराकडे बघून खाली आणला. "हॉटेलात वाचू दे समद्यांनी. सासूबाईला तर मी सोता बसवून ऐकवीन. म्हातारी जायच्या आत तिला कळलं पायजे."

मला तिचा राग आला. खरं सांगते, तिचं काही चुकलं नव्हतं आणि तरी मला तिचा असा राग आला की बस. माझी सतरा वर्षं हिला काय माहीत, असं वाटलं. तिची बावीस होती हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. "बघते," मी म्हणाले. त्या आठवड्यात हा शब्द मी फार वापरला.

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्याबरोबर मी पुरवणीच्या ऑफिसात गेले. स्टेशन रोडला एका दुकानावर दोन खोल्या, जिन्यात पेपरचे गठ्ठे. पुरवणी बघणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, कॉम्प्युटरपुढे बसले होते. मला बघून खूश झाले आणि खुर्ची सरकवून पडदा माझ्याकडे वळवला. अर्धं पान. मोठ्या अक्षरात शीर्षक, कोपऱ्यात माझा फोटो.

"एक शब्द कापला नाही मॅडम. माझी आई अशीच होती. झोपेसाठी तरसायची. सणाला बाकीच्या बायका साडी मागतात, ती म्हणायची, मला एक दिवस झोपू द्या. लय पटली मला तुमची गोष्ट."

तिथेच मला शहाणपण यायला हवं होतं. माणूस समोर बसून पटली म्हणतो आहे, अजून काय पाहिजे होतं मला? पण भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते आणि पुण्याची मुदत संध्याकाळची होती.

"काढा ती," मी म्हणाले.

"काय काढा?"

"कथा. लावू नका."

"अहो मॅडम, पाचला पान छापायला जातं. एवढ्यात कुठून भरू मी अर्धं पान?"

"काढा म्हणते ना!" मी ओरडलेच जवळजवळ. त्यांनी माउसवरचा हात काढला. मग मी आवाज उतरवून म्हणाले, "घरची हरकत आहे. कथा माझ्या बहिणीची आहे, तिला नको आहे."

असं बोलले मी. तिचंच नाव पुढे केलं. त्या भल्या माणसाने एक प्रश्न विचारला नाही. "बहिणीची हरकत असेल तर नाही लावायची," एवढं म्हणून त्यांनी माझा फोटो, शीर्षक, सगळं पुसलं, आणि त्या जागी पावसाळ्यात त्वचेची काळजी कशी घ्यावी ते आणून बसवलं.

खाली येऊन मी स्कूटीवर बसूनच फोन काढला. रस्त्यावर रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. टाइप केलं: 'स्टँडवर एक माणूस उभा होता. काही न बोलता त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.' दोनदा वाचलं. वाईट याचं वाटतं की ओळी चांगल्या उतरल्या होत्या, आणि मला त्या आवडल्या. पाठवून दिल्या. मग अक्काला फोन लावला.

"पेपरवाल्यांनी घेतली नाही ग. लांब आहे म्हणाले."

तिने पलीकडे कुणाला तरी चूल बघायला सांगितलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पुण्यात तरी येऊ दे. तुझं तरी नाव होऊ दे."

दिवाळीला अंक आला. आपल्याकडे कथेच्या शेवटी लेखकाचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर छापायची पद्धत आहे, त्यामुळे फोन सुरू झाले. सांगलीहून, नाशिकहून, नागपूरहून. असं कौतुक मला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. शाळेत पेढे वाटले, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला अंकाचं मुखपृष्ठ ठेवलं. आणि फोनवरचा जो तो एकच गोष्ट म्हणायचा. "बाई, तो स्टँडवरचा माणूस! दोन ओळींत काय सुचवलंत तुम्ही!" मी "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिले. चौथ्या-पाचव्या फोननंतरही तेच म्हणत राहिले.

अक्काला अंक मी दिला नव्हता. मागच्या वर्षीपासून तिला चष्मा लागलाय पण अजून केलेला नाही, बारीक अक्षर दिसत नाही, कोण आणून देणार तिला, असं मनाला समजावलं होतं. पण तिने माझं स्टेटस बघितलं. दिवाळीनंतर ती परभणीला आली असताना स्टँडवर उतरली आणि स्टॉलवाल्याला फोनवरचं मुखपृष्ठ दाखवून स्वतः अंक घेऊन गेली. हे सगळं मला तिने फोन केला तेव्हाच कळलं.

"अगं, कामून घेतलास? मी दिला असता की," मी म्हणाले.

"सासूबाईला ऐकवायचा हुता." तिचा आवाज सपाट होता. "मला दिसत न्हाई म्हणून थोरल्या जाऊबाईपुढं धरला. म्हणलं, माझ्या भैनीनं लिवलंय, तुमीच वाचा, मोठ्यानं वाचा. समदे बसले हुते."

मी उठून खोलीचं दार लोटलं.

"तो माणूस कोण हाय ग?"

"अक्का, कथेत तसं लागतं ग. वाचकांना..."

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पुरवणीवाल्यांना फोन केला. म्हटलं, पाया पडायची माझी तयारी आहे, ती कथा पहिली होती तशी लावा. ते म्हणाले, "मॅडम, पुण्याच्या अंकात आली ना ती? वाचली मी. एकदा छापून आलेलं आपण लावत नाही, तुम्हालाही माहीत आहे." मग म्हणाले, "आणि राग मानू नका, पहिली बरी होती."

शाळेत रजा सांगितली आणि झरीला गेले. वाटेत ठरवत होते, आता लिहायचं-बिहायचं नाही, तोंडाने सांगायचं. सासू ओसरीवर बाजेवर पडली होती, थोरली जाऊ लसूण निवडत होती. अक्काने पाणी आणून दिलं, माझ्याकडे बघितलं नाही. मी बसले नाही. उभ्यानेच सुरू केलं.

"त्या वेळी अक्का माझ्याकडं होती. परभणीला, वसतिगृहात. तीन दिवस नुसती झोपली. कुणी माणूस-बिणूस नव्हता. तो मी घातलाय, खोटा. माझं शिक्षण बंद पडू नये म्हणून ती इतकी वर्षं बोलली नाही."

रडू फुटत होतं, पण बोलले सगळं. बावीस वर्षांचं पाच-सहा वाक्यांत संपलं.

सासू छताकडे बघत म्हणाली, "झोपायला कोण जातंय गं घर सोडून." आणि भिंतीकडे तोंड करून वळली.

थोरली जाऊ उठली, आत जाऊन अंक घेऊन आली. ती भांडली नाही, ओरडली नाही. पान उघडून माझ्यापुढे धरलं. "बाई, तुमी शिकलेल्या, मास्तरीण. हे तुमीच लिवलंय ना?"

"हो, पण..."

"तुमच्या नावानं छापलंय. घरात शांतपणानं बसून, इचार करून लिवलं, ते खोटं. आन आता भैन तोंड फिरवून बसली म्हणून उभ्या उभ्या बोलायल्या, ते खरं म्हणायचं का आमी?"

एवढी मी फटकळ, शाळेत भल्याभल्यांना गप्प करणारी, त्या लसणाच्या टोपल्याकडे बघत उभी राहिले.

निघाले तेव्हा अक्का रस्त्यापर्यंत आली. नेहमी ती काहीतरी बांधून देते, त्या दिवशी हात मोकळे होते. मी म्हणाले, "अक्का, शिव्या दे, मार मला, पण बोल काहीतरी." ती रागावलेली नव्हती, हेच मला सोसत नव्हतं.

"तवाच तुझं नाव घ्यायला पायजे हुतं म्या," ती म्हणाली, आणि घराकडे वळली.